पन्हळीला तोलून धरणारे वजन

गेले पंधरा दिवस माझ्या टेबलाच्या कडेला ४० सेंटिमीटर लांबीची एक लाकडी पट्टी बिजागरीवर बसवलेली आहे. तिचे वजन २०० ग्रॅम भरते. बिजागरीच्या बरोबर वर, ४० सेंटिमीटर उंचीवर, मी एक लहान कप्पी लावली आहे. पट्टीच्या टोकाला बांधलेला दोरा त्या कप्पीवरून पलीकडे जातो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला नट-बोल्टांनी भरलेली डबी लटकते. पट्टी आडवी असताना ती तोलण्यासाठी १४१ ग्रॅम लागतात हे मी कागदावर काढले, डबी तेवढीच भरली आणि पट्टी खरोखरच आडवी थांबली. मग मी तिला बोटाने थोडे वर ढकलले. ती तिथे राहील अशी माझी अपेक्षा होती. पण कप्पीच्या घर्षणामुळे क्षणभर रेंगाळून ती वर वर जात राहिली आणि खांबावर आपटली. खाली ढकलल्यावर ती तशीच टेबलाच्या कडेपर्यंत घसरली. ज्या वजनाने तिला आडव्या स्थितीत अचूक तोलले होते, तेच वजन दुसऱ्या कोणत्याही कोनात चुकीचे ठरत होते.

ही पट्टी म्हणजे लोहखनिजाच्या धक्क्यावरील पन्हळीची माझी प्रतिकृती आहे. जहाजात खनिज किंवा कोळसा सोडणाऱ्या या उतरत्या पोलादी पन्हळीला कामगारांच्या भाषेत शूट म्हणतात. तिच्या मागे टांगलेल्या प्रतिभाराबद्दल, म्हणजे तिला तोलून धरणाऱ्या वजनाबद्दल, बहुतेक वर्णनांत ‘पन्हळ प्रतिभाराने तोललेली असते’ एवढे एक वाक्य येते आणि विषय पुढे सरकतो. त्या एका वाक्यात किती निर्णय दडलेले आहेत, हे सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

अमेरिकेतील सुपीरियर सरोवराच्या काठचे धक्के डोळ्यांसमोर आणल्याशिवाय हा प्रश्न नीट कळत नाही. मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या खाणींतून निघालेले लोहखनिज रेल्वेने काठापर्यंत यायचे आणि तेथून जहाजाने खालच्या सरोवरांकडे पोलादाच्या कारखान्यांपर्यंत जायचे. त्यासाठी पाण्यात लांबवर शिरलेले, एखाद्या इमारतीइतके उंच धक्के बांधले गेले. वरच्या मजल्यावर रूळ, रुळांखाली दोन्ही बाजूंना ओळीने खनिजाचे खण, प्रत्येक खणाच्या तळाशी दार आणि दाराबाहेर बिजागरीवर बसवलेली पन्हळ, अशी ही रचना असते. वाघिणींची तळातली दारे उघडली की खनिज खणात पडते, खणाचे दार उघडले की पन्हळीवरून ते जहाजाच्या हॅचमध्ये, म्हणजे डेकवरील माल भरण्याच्या तोंडात, जाते. खालपर्यंत सारे काम गुरुत्वाकर्षण करते. मिशिगनमधील मार्केट (Marquette) या गावचा प्रेस्क आइल धक्का १९१२ पासून उभा आहे आणि त्याला २०० खण आहेत. डुलुथच्या सहा क्रमांकाच्या धक्क्याची लांबी २,३०४ फूट असून त्याला ३८४ खण होते, म्हणजे एका बाजूला १९२, दर १२ फुटांना एक. हे १२ फुटांचे अंतर इतके पक्के बसलेले होते की जहाजांनाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागले. १८६९ मध्ये बांधलेल्या आर. जे. हॅकेट या जहाजाच्या हॅच २४ फुटांच्या अंतरावर ठेवल्या गेल्या, त्या मार्केटच्या धक्क्यावरील पन्हळींशी मेळ बसावा म्हणूनच. जहाजाचा आराखडा धक्क्याने ठरवावा, ही गोष्ट मला आजही फार विलक्षण वाटते.

पन्हळ कायम उतरलेली ठेवता येत नाही. जहाज धक्क्याला लागताना आणि सुटताना त्याचे डोलकाठ्यांसह सारे उंच भाग धक्क्याच्या भिंतीजवळून सरकतात. त्या वेळी प्रत्येक पन्हळ भिंतीला टेकून उभी असली पाहिजे. जहाज बांधून झाले की ती उतरवायची, खण रिकामा झाला की वर घ्यायची, जहाज पुढेमागे सरकवले की दुसऱ्या पन्हळी उतरवायच्या. एका जहाजासाठी हे कित्येक वेळा करावे लागते आणि प्रत्येक पोलादी पन्हळीचे वजन टनांत मोजावे लागते. ७ सप्टेंबर १९२१ रोजी टू हार्बर्स येथे डी. जी. केर या जहाजात १२,५०७ टन खनिज साडेसोळा मिनिटांत भरले गेले. हा विक्रम करायचा असे ठरवून, सगळी तयारी आधी करून केलेला तो प्रयत्न होता आणि रोजच्या कामाचा वेग त्याहून पुष्कळ कमी असे. तरीही मिनिटाला साडेसातशे टनांहून अधिक खनिज ज्या पन्हळींवरून गेले, त्या पन्हळी हलवणे हे जिकिरीचे काम असते तर तसा प्रयत्न करण्याचे कुणाच्या मनातही आले नसते.

आता माझ्या पट्टीकडे परत येतो. बिजागरीवर फिरणाऱ्या वस्तूचे वजन तेवढेच राहते, पण बिजागरीपासून त्या वजनाचे आडवे अंतर कोनानुसार बदलते. आडव्या स्थितीत ते सर्वांत जास्त, उभ्या स्थितीत जवळजवळ शून्य. त्याच वेळी दोराचा कोनही बदलतो, त्यामुळे त्याच दोराची पकड कधी बळकट तर कधी दुबळी होते. हे दोन्ही बदल एकमेकांना कसे भिडतात याचे उत्तर कप्पी बरोबर बिजागरीच्या वर असेल तर अतिशय देखणे येते. बिजागरी, कप्पी आणि पन्हळीचे टोक यांचा त्रिकोण काढून दोन्ही बाजूंची आघूर्णे, म्हणजे बिजागरीभोवती फिरवण्याचा जोर, मांडली की कोनाची पदे एकमेकांना छेदून निघून जातात आणि एवढेच उरते, की पन्हळ तोलण्यासाठी लागणारा ताण हा कप्पीपासून टोकापर्यंतच्या दोराच्या लांबीच्या सरळ प्रमाणात असतो. पन्हळ आडवीच्या वर असो वा खाली, नियम तोच.

आकडे घालून पाहू. पन्हळ ८ मीटर लांब, ४ टन वजनाची, वजन तिच्या मध्यावर आणि कप्पी बिजागरीच्या ८ मीटर वर आहे असे धरा. पन्हळ ४५ अंश वर उचललेली असताना दोर सुमारे ६.१ मीटर भरतो आणि ताण सुमारे १,५३० किलो लागतो. आडवी असताना दोर ११.३ मीटर, ताण सुमारे २,८३० किलो. ४५ अंश खाली झुकलेली असताना दोर १४.८ मीटर आणि ताण जवळजवळ ३,७०० किलो. म्हणजे भिंतीकडून हॅचकडे येता येता तिला तोलणारे वजन दुपटीहून अधिक वाढले पाहिजे. एकच ठोकळा टांगून ठेवला तर तो कोणत्या तरी एका कोनात बरोबर असेल. त्याच्या वर तो पन्हळीला भिंतीवर आपटवेल आणि त्याच्या खाली तिला जहाजावर सोडून देईल. माझी पट्टी आडव्या स्थितीपासून दोन्हीकडे का पळाली, ते या हिशेबातून उघड होते.

दोराची लांबी वाढत जाते तसा ताण समप्रमाणात वाढायला हवा आणि दोर जेवढा पन्हळीकडे जातो तेवढेच प्रतिभाराचे टोक वर चढते. मग वर चढता चढता जड होणारी वस्तू टांगली की झाले. अशी वस्तू म्हणजे साखळी. जमिनीवर वेटोळे करून पडलेल्या साखळीचे टोक वर उचलत गेलो की प्रत्येक मीटरला तिचे आणखी एक मीटर वजन हातात येते. वरच्या उदाहरणात मीटरला २५० किलो भरणारी साखळी लागेल. प्रत्यक्षात एवढी जाड साखळी कोणी वापरणार नाही, दोन-तीन साखळ्या शेजारी लावेल किंवा ओळीने गुंफलेले ठोकळे एकामागून एक उचलले जातील अशी व्यवस्था करील, पण तत्त्व तेच राहील. हे तत्त्व धक्क्यांपेक्षा जुने आहे. किल्ल्यांच्या उचलत्या पुलांपुढे नेमकी हीच अडचण होती. फ्रान्समध्ये बेलिडोर यांनी अठराव्या शतकात प्रतिभार वक्र रुळावरून घरंगळत नेण्याचा मार्ग सुचवला, तर पाँसले यांनी १८२० च्या सुमारास बदलत्या वजनाच्या साखळीचा पूल मांडला. मी डबीतले बहुतेक नट काढून सेंटिमीटरला अडीच ग्रॅम भरेल अशी साखळी डबीच्या तळाला बांधली आणि तिचा उरलेला भाग एका ताटलीत पडू दिला. पट्टी ज्या कोनात ठेवावी त्या कोनात राहू लागली. आडवी, तिरपी, खाली झुकलेली, कुठेही. त्या संध्याकाळी मी ती किती वेळा वरखाली केली याची मोजदाद नाही. एका बोटाने ढकलावे आणि बोट काढून घ्यावे, एवढेच मी करत होतो.

पण धक्क्यावर अशी अचूक तोललेली पन्हळ कोणालाच नको असते, आणि मला जे सांगायचे आहे ते इथूनच सुरू होते. पन्हळ वर घ्यायला विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारे यंत्र, असतो. विंचचा दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही. पन्हळ अचूक तोललेली असेल तर दोर ढिला सोडल्यावर ती खाली येणारच नाही. कप्प्यांचे आणि बिजागरीचे घर्षण तिला जिथल्या तिथे धरून ठेवील. म्हणून प्रतिभार मुद्दाम कमी ठेवायचा, म्हणजे पन्हळीचा कल स्वतःहून खाली येण्याकडे राहतो. किती कमी, हे घर्षणावरून ठरते. वरच्या उदाहरणात आडव्या स्थितीत २,८३० किलो ताणापैकी दहावा हिस्सा, सुमारे २८० किलो, घर्षणात जातो असे मानले तर प्रतिभार त्याहून थोडा अधिक, समजा ३५० किलोंनी कमी हवा. मग पन्हळ वर घेताना विंचला ही ३५० किलोंची तूट आणि २८० किलोंचे घर्षण मिळून ६३० किलो ओढावे लागतात. प्रतिभार नसता तर त्याच विंचवर तीन टनांहून अधिक ओढ आली असती. प्रतिभाराने काम नाहीसे केलेले नाही, तर त्याचा मोठा भाग पडत्या वजनाकडून करून घेतला आणि राहिलेल्या लहान भागाची दिशा आपल्या हातात ठेवली. हिवाळ्याच्या तोंडाशी वंगण घट्ट होते, घर्षण वाढते आणि उन्हाळ्यात निमूट उतरणारी पन्हळ अर्ध्यावर अडून बसते. तेव्हा तूट थंडीचा विचार करून ठरवावी लागते आणि मग तीच उन्हाळ्यात विंचच्या ब्रेकवर जास्तीचा भार म्हणून पडते.

खनिजाचा स्वभाव हा याहून कठीण भाग आहे. खाणीतून थेट आलेले लाल खनिज ओले असले की मातीसारखे चिकटते. ते खणात अडकते, दार उघडूनही खाली येत नाही, म्हणून धक्क्यावरील माणसे लांब काठ्यांनी ते वरून टोचून मोकळे करीत; हंगामाच्या दोन्ही टोकांना ते वाघिणींतच गोठे आणि वाफेने वितळवावे लागे. जे खणात चिकटते ते पन्हळीतही चिकटते. आपल्या ४ टनांच्या पन्हळीच्या मध्यावर अर्धा टन खनिज बसून राहिले तर आडव्या स्थितीत दोरावर आणखी ३५० किलो येतात. ४ टनांपुढे अर्धा टन म्हणजे आठवा हिस्सा, ही वाढ किरकोळ वाटते. पण विंचला मात्र ६३० ऐवजी ९८० किलो ओढावे लागतात, म्हणजे त्याचा भार दीडपटीहून वाढला. प्रतिभार जितका नेमका, तितका विंच लहान ठेवता येतो आणि विंच जितका लहान, तितकी त्याला अनपेक्षित वजनाची झळ अधिक बसते. हा धोका नफ्याच्या पोटातच जन्मतो. पुढे टॅकोनाइट या लोह असलेल्या खडकापासून बनवलेल्या भाजलेल्या गोळ्या आल्या. त्या गोट्यांसारख्या घरंगळतात, पन्हळ स्वच्छ ठेवतात आणि या बाबतीत प्रतिभारावर त्यांनी मोठा उपकार केला आहे, असे मी म्हणेन.

चिकटलेले खनिज निदान डोळ्यांना दिसते. जे दिसत नाही त्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. मी काही काळ ज्या कारखान्यात काम केले तेथे कोळशाच्या बंकरखाली बिजागरीची एक लहान पन्हळ होती. तिच्या आतल्या ६ मिलिमीटर जाडीच्या अस्तर-पट्ट्या झिजल्या, तेव्हा त्या अधिक टिकाव्यात म्हणून देखभाल विभागाने १० मिलिमीटरच्या बसवल्या. हेतू चांगला होता. पण ४ मिलिमीटर जास्तीचे पोलाद म्हणजे दर चौरस मीटरला ३१ किलो, आणि अस्तराचे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. पन्हळीवर २८० किलो चढले आणि प्रतिभाराला कोणी हात लावला नाही. महिनाभरात विंचचा ब्रेक घसरू लागला. ब्रेकचे पट्टे दोनदा बदलले गेले, ते हलक्या प्रतीचे आल्याची तक्रार झाली आणि मीही त्या तक्रारीखाली सही केली. शेवटी एका जुन्या फोरमनने पन्हळीखाली उभे राहून, पट्ट्यांच्या नव्या करकरीत कडांकडे बोट दाखवून ‘हिला जेवण वाढवलंत, पण पलीकडच्याला वाढवलं नाहीत’ असे सांगितले, तेव्हा कुठे आमचे लक्ष तिकडे गेले. प्रतिभाराच्या चौकटीत दोन ठोकळे घातल्यावर तोच ब्रेक नीट धरू लागला. त्यानंतर माझ्या ध्यानात आले की याच्या उलट प्रकार तर सतत चालूच असतो. अस्तर रोज थोडे झिजते, पन्हळ हलकी होत जाते आणि एक दिवस ती उतरायला कुरकुरू लागते. प्रतिभाराच्या चौकटीत ठोकळे काढण्या-घालण्याची सोय ठेवलेली असते ती यासाठी, आणि अस्तर बदलण्याच्या कामाच्या कागदावर प्रतिभार तपासण्याची ओळ असायलाच हवी, हे मी तेव्हापासून कळकळीने सांगत आलो आहे.

कोळशाच्या धक्क्यांवर प्रतिभाराचा याहून धीट उपयोग झाला आणि तो इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर. कोळसा उंचावरून पडला की फुटतो, आणि मोठ्या ढेकळांना चुऱ्यापेक्षा चांगली किंमत मिळत असे. पन्हळीवरून सोडलेला कोळसा घसरत, आपटत जाई आणि त्याचा बराच भाग चुरा होऊन पोहोचे. विल्यम चॅपमन या अभियंत्याच्या नावाशी जोडलेली ‘ड्रॉप’ नावाची यंत्रणा यावर उपाय म्हणून आली. कोळसा खाली सोडायचा नाही, कोळशाने भरलेली वाघीणच एका पाळण्यात ठेवून जहाजाच्या हॅचपर्यंत उतरवायची, तेथे तिचे तळाचे दार उघडायचे आणि रिकामी वाघीण परत वर आणायची. अशा वाघिणीला चाल्ड्रन म्हणत आणि न्यूकॅसलच्या मापाने एका चाल्ड्रनमध्ये ५३ हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे २.७ टन कोळसा मावे. पाळण्याला जोडलेला प्रतिभार रिकाम्या वाघिणीहून जड, पण भरलेल्या वाघिणीहून हलका ठेवलेला असे. भरलेली वाघीण आपल्याच वजनाने खाली जाई, जाताना प्रतिभार वर उचले. कोळसा ओतला गेला की तोच प्रतिभार खाली येत रिकाम्या वाघिणीला वर नेई. ना वाफेचे इंजिन, ना विंच. फक्त ब्रेकवर बसलेला एक माणूस. प्रत्येक फेरीचे इंधन म्हणजे त्या फेरीतला कोळसाच, तोही न जळता जहाजात पोहोचलेला. सीहॅम बंदरातील असा एक ड्रॉप बीमिश येथील संग्रहालयाने जपून ठेवला आहे.

पन्हळ आणि ड्रॉप यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. पन्हळीच्या प्रतिभाराने पन्हळ तोलायची असते आणि माल वरून नुसता वाहून जातो, म्हणून चिकटलेला माल हा तिचा शत्रू ठरतो. ड्रॉपच्या प्रतिभाराने मालाच्या वजनातला चढउतारच कामाला जुंपलेला असतो, म्हणून अर्धवट रिकामी झालेली वाघीण त्याला अडचणीत आणते, कारण ती वरही जात नाही आणि खालीही राहत नाही. दोन्हीकडे शेवटी ब्रेकवरचा हातच उपयोगी पडतो.

टाइन नदीवर १८९३ मध्ये सुरू झालेल्या डन्स्टन स्टेथ्ससारख्या लाकडी धक्क्यांवर तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागे, ती म्हणजे भरती-ओहोटी. सुपीरियर सरोवरात पाणी जवळजवळ स्थिर असते, फक्त जहाज भरेल तसे खाली बसत जाते आणि पन्हळ त्याच्या मागोमाग झुकवावी लागते. टाइनवर जहाज माल भरताना खाली बसते आणि भरतीबरोबर वरही चढते. पन्हळीचा कोन कामाच्या मध्यात दोन्ही दिशांना बदलणार असेल, तर एकाच कोनात बरोबर असणारा प्रतिभार किती अपुरा पडेल हे वेगळे सांगायला नको.

पुढे जहाजेच इतकी रुंद झाली की पन्हळी पुरेनाशा झाल्या. १९७२ मध्ये आलेल्या स्टुअर्ट जे. कॉर्टपासून सरोवरांवरील हजार फुटी जहाजांची रुंदी १०५ फुटांवर गेली. धक्क्याला टेकवलेल्या पन्हळीतून पडणारा माल अशा जहाजाच्या जवळच्या बाजूलाच साचतो. त्यामुळे बऱ्याच धक्क्यांवर पुढेमागे सरकणारे पट्टे-वाहक आले. मार्केटचा प्रेस्क आइल धक्का मात्र पन्हळींनीच जहाजे भरत राहिला आहे.

माझ्या टेबलावरच्या पट्टीला आता कडेने पुठ्ठ्याच्या भिंती चिकटवून खरी पन्हळ केली आहे. पुठ्ठ्याने वजन १६ ग्रॅमने वाढले, तेव्हा साखळीला आणखी एक पातळ साखळी जोडावी लागली. डबीतून मी ५ ग्रॅमचा एक वॉशर काढून ठेवला आहे. हात सोडला की पन्हळ अगदी सावकाश, मध्ये कुठेही न अडता खाली येते आणि टेबलाच्या कडेवर आवाज न करता टेकते. काल मी तिच्यात दोन चमचे ओली वाळू थापली आणि दोरा ओढून पाहिला. फरक बोटांना लगेच जाणवला. उद्या ती वाळू रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून पुन्हा ओढून पाहणार आहे.